पाणी कोणी तापवलं

१

आम्हाला क्वार्टर मिळालं ते एकाहत्तरच्या पावसाळ्यानंतर, आणि ते बघायला गेले त्याच दिवशी माझं न्हाणीतल्या प्लगशी भांडण सुरू झालं.

न्हाणी म्हणजे एवढीशी, दोघी आत उभ्या राहिल्या तर एकमेकींना कोपर लागावं. समोरच्या भिंतीत पितळी नळ. आणि त्याच भिंतीत, नळाच्या अगदी शेजारी, पाटावर बसलेल्या माणसाच्या खांद्याजवळ येईल अशा उंचीवर, तपकिरी रंगाचा तीन भोकांचा प्लग. बटण नाही, झाकण नाही. तांब्याभर पाणी डोक्यावर घेतलं तर अर्धं त्या भोकांत जाईल अशी सोय.

"हा इथे कोणत्या शहाण्यानं बसवला?" मी विचारलं.

"असू दे ना विभा. क्वार्टर मिळालं हे काय कमी आहे?" हे म्हणाले. हे, म्हणजे माझे यजमान चंद्रशेखर, गाड्यांच्या फॅक्टरीत फिटर होते आणि कुठल्याही गोष्टीत समाधान मानायची त्यांना वाईट खोड होती.

मला तशी खोड नव्हती. मी दारूगोळा भरायच्या सेक्शनमध्ये कामाला होते. आमच्याकडे आत शिरताना दाराशी लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उघडा तळहात टेकवायचा, अंगात साठलेली वीज जमिनीत जाऊ द्यायची, मगच पाऊल आत टाकायचं. बांगड्या नाहीत, आगपेटी नाही, नायलॉनची साडी नाही. असा जन्म काढणाऱ्या बाईला पाण्याशेजारी प्लग दिसला तर तिचं डोकं फिरेल नाही तर काय होईल? सामान लावायच्या आधी मी त्या प्लगवर लाकडी फळी ठोकून घेतली.

आमच्याआधी त्या घरात कोण राहायचं ते मी मुद्दाम विचारलं नाही. माझं भांडण प्लगशी होतं, माणसांशी नव्हतं.

२

थंडी पडली आणि शकु, माझी नणंद, पहिल्या बाळंतपणाला इटारसीहून आली. नेपियर टाउनातल्या दवाखान्यात तिला मुलगी झाली, सोनी. घरात आनंदीआनंद होता, पण कोळसा नव्हता. मालगाड्या सगळ्या लढाईच्या सामानाला लागलेल्या, आणि घासलेटच्या रांगेत उभं राहून पाय सुजायचे. बाळंतिणीला तर रोज सकाळी कढत पाणी पाहिजे, अंगाला तेल चोळून कंबरेवर धार धरायची, मग शेक, मग धुरी. ते चुकलं तर जन्मभर कंबर धरते असं सासूबाईंचं म्हणणं, आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

चुकलं ते पुढे. एका दुपारी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कमानिया गेटच्या बाजारात गेल्या आणि पाणी तापवायचा विजेचा रॉड घेऊन आल्या. आल्या आल्या त्यांनी न्हाणीतली फळी उचकटायला घेतली.

"आई, तिथे नाही लावायचा," मी म्हणाले. "स्वयंपाकघरात लावू, बंद करू, मग बादली उचलून नेऊ."

"बाळंतिणीचं पाणी असं घरभर उघडं नेऊन राहिली तू? दृष्ट लागते."

"दृष्ट परवडली. तुम्ही रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून बघता. मी पाहिलंय तुम्हाला."

"तुझ्या फॅक्टरीचे कायदे फॅक्टरीतच ठेव. स्वतःला पोर नाही, अन् मला बाळंतपण शिकवते!"

हे शेवटचं त्या बोलायला नको होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांच्या हातातून रॉड घेतला, माझ्या ट्रंकेत टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्राच्या पिनेत अडकवली. फळी पुन्हा ठोकली. त्या दिवसापासून आमचा अबोला सुरू झाला.

आमच्या घरातला अबोला म्हणजे पद्धतशीर असायचा. समोरासमोर बसून मधल्या माणसाशी बोलायचं. "शकु, तुझ्या वहिनीला सांग, पोळ्या झाकून ठेवल्या आहेत." "शकु, आईंना सांग, मला दिसताहेत." शकु बिचारी पोरीला पाजता पाजता दोन्हीकडे मान हलवायची. यांना तर या सगळ्यात पडायचंच नसे. ओव्हरटाइम चालू होता, घरी यायचे ते झोपण्यापुरते.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे शिफ्टला निघताना न्हाणीत हात धुवायला गेले तर पाटाशेजारी भरलेली बादली होती आणि तिच्यातून वाफ निघत होती.

मी मनात म्हणाले, म्हातारीनं हट्टानं कुठून तरी कोळसा मिळवला आणि माझ्याआधी उठून पाणी तापवलं. मला खिजवायला. बरं झालं, बाळंतिणीचं काम झालं ना? मी काही बोलले नाही. बोलायचं नव्हतंच.

३

रोज पाणी तापलेलं असायचं.

मी निघायच्या वेळी आईंची उशीत तोंड घालून झोपलेली आकृती दिसायची आणि मला वाटायचं, काय नाटक आहे बाईचं! तापवून झालं आणि परत झोपेचं सोंग. एकदा फळी खाली उतरवून भिंतीशी उभी करून ठेवलेली दिसली. खिळे तिच्या पायथ्याशी नीट मांडलेले होते, एकही वाकलेला नव्हता. मी दात ओठ खात फळी परत ठोकली. माझे दोन खिळे वाकले. आईंनी न वाकवता कसे काढले हा विचार मनात आला होता, पण अबोल्यात तो विचारायचा कुणाला?

मग पाण्याजवळ आणखी तयारी दिसू लागली. पाट मांडलेला. तांब्या उजव्या हाताला. तेलाची वाटी, शिकेकाईची पूड, बाळाच्या टाळूला लावायचा कापूस. मला थोडी लाज वाटायला लागली. आपण भांडतो, पण बाई किती मायेनं करते लेकीचं, असं वाटायचं. एका पहाटे मी बादलीत बोट बुडवून पाहिलं. पाणी कढत होतं, आणि बोटाला मुंग्या आल्या. थंडीत गरम पाणी लागलं की येतात तशाच असतील असं मी धरून चालले.

मग लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले, भोंग्याच्या तालमी सुरू झाल्या. फॅक्टरीतल्या बायका एकमेकींशी जरा गोड बोलायला लागल्या. उद्या काय होईल कुणाला ठाऊक, असं सगळ्यांनाच वाटत होतं. मलाही वाटलं. त्या रविवारी मी सुट्टीवर होते. चहा केला, एक कप आईंच्या पुढ्यात नेऊन ठेवला आणि नाक मुठीत धरून म्हणाले, "आई, झालं गेलं सोडून द्या. रोज एवढ्या पहाटे उठून पाणी तापवता, कोळसा तरी कुठून आणता?"

आईंचा हात कपाकडे जाता जाता थांबला.

"मी?" त्या म्हणाल्या. "मी कुठून तापवणार? मी तर सगळ्यांना सांगून राहिली, सून तोंडाची फटकळ आहे, पण ड्यूटीवर जायच्या आधी नणंदेचं पाणी तापवून ठेवते."

आम्ही दोघी एकदमच न्हाणीकडे वळलो. न्हाणीचं दार उघडंच होतं. आत पाट मांडलेला होता आणि बादलीतून वाफ निघत होती. त्या दिवशी सकाळपासून आमच्यापैकी कुणीही तिकडे गेलेलं नव्हतं.

४

यांना सगळं सांगितलं. हे हसले.

"अर्थिंग," हे म्हणाले. यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक उत्तर असायचं आणि त्या वर्षी ते अर्थिंग होतं. लाइनीतले, म्हणजे आमच्या क्वार्टरांच्या रांगेतले, काही लोक मीटर फिरू नये म्हणून एक वायर बोर्डातून घेतात आणि दुसरी पाण्याच्या पाइपाला बांधतात. मग त्यांच्या घरी शेगडी पेटते आणि शेजाऱ्याच्या घरी नळाला झिणझिण्या येतात. सगळ्या लाइनीचा पाइप एकच. हे मलाही माहीत होतं, आमच्या लोकांची ही चोरी जुनी आहे.

"बरं, झिणझिण्या आल्या. पाणी कसं तापलं? पाट कुणी मांडला?"

"आई विसरली असेल. वय झालं."

"मी विसरली?" आई कडाडल्या. "मला माझ्या लग्नातल्या साडीचा रंग आठवून राहिला, अन् सकाळचं पाणी नाही आठवणार?"

यांनी मेन स्विच पाडला. लाइनीत फिरून आले, तेव्हा नेमकी सगळीकडची वीज गेली होती, कुठल्याच घरात दिवा नव्हता. मी न्हाणीत गेले आणि नळाला बोटाची मागची बाजू लावली. तळहाताने धरायचं नसतं. मूठ आवळली की सुटत नाही. बोट झटक्यानं मागे आलं.

यांनीही लावून पाहिलं. त्यानंतर त्यांनी अर्थिंगचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी इस्टेटीतला वायरमन नथ्थू आला. त्यानं प्लगचे स्क्रू काढले, तपकिरी तोंड बाजूला केलं आणि आत टॉर्च मारला. मागे विटांत कोरलेला एक चौकोनी खड्डा होता. बाकी काही नव्हतं.

"बहनजी, इसमें तो तार आई ही नहीं कभी," नथ्थू म्हणाला. "खाली डिब्बी है. न पाइप, न तार. किसी ने बस ऐसे ही लगा दिया."

"अंदर हाथ लगाके देखो."

त्यानं दोन बोटं आत घातली आणि लगेच काढून घेतली. पँटीला पुसली. आमच्याकडे न बघता म्हणाला, "गीला है. और गरम है." त्याला आता घाई झाली होती. मी त्याला जाऊ दिलं नाही. सिमेंट कालवायला लावलं आणि तो खड्डा माझ्या डोळ्यांसमोर गच्च भरून घेतला. थापी मारून भिंत सपाट केली. वर मी स्वतः चुना लावला.

सकाळी भिंत कोरडी झाली होती. फक्त तीन ठिपके ओले होते, वर एक, खाली दोन.

५

मी न्हाणीला बाहेरून कुलूप घातलं. शकुची आंघोळ स्वयंपाकघराच्या मोरीवर, साडीचा आडपडदा लावून. पाणी चुलीवर तापवायचं, सरपण कुठूनही आणायचं, पण त्या खोलीतला एक थेंब माझ्या घरातल्या बाळंतिणीच्या अंगावर पडणार नाही, असं मी जाहीर केलं. आई पहिल्यांदाच माझ्या बाजूच्या होत्या. त्या जुन्या खुर्चीच्या फळ्या फोडून चुलीत घालायच्या.

हे म्हणाले, आपण थोडे दिवस इटारसीला जाऊ, नाही तर शकुला पाठवून देऊ. लढाईत गाड्यांना ही गर्दी, कडाक्याची थंडी, आणि ओली बाळंतीण! आणि खरं सांगू का, मला राग आला होता. घर आमचं होतं. रांगेत उभं राहून, साहेबाच्या पुढे दहादा जाऊन ते मी मिळवलं होतं. ज्याला नावगाव नाही, तोंड नाही, त्याच्यापुढे बोचकं बांधून पळायचं काहून?

कुलूप घातलेल्या न्हाणीतून रोज सकाळी पाणी पडायचा आवाज यायचा. नळाचा सरळ आवाज नव्हे. तांब्या बुडतो, भरतो, थोडं थांबतं, मग पाणी अंगावरून पडतं तसा आवाज. अंगावर पडलेल्या पाण्याचा आवाज वेगळा असतो, ते कुठल्याही बाईला कळतं. बाळाला आंघोळ घालताना तोंडानं जी लाडिक बडबड चालते, तसं काहीतरी मधून मधून ऐकू यायचं. शब्द लागायचे नाहीत. मी दाराला कान लावून पाहिला तर दाराचं लाकूड ऊबदार लागलं आणि आवाज थांबला. मी हलले की सुरू व्हायचा.

मी स्वतःला सांगत होते, लाइनीच्या भिंती पातळ आहेत, शेजारी आंघोळ चालली असेल. पण आमची न्हाणी लाइनीच्या टोकाला होती. तिच्या पलीकडे मोकळं मैदान होतं.

"वहिनी," शकु एकदा म्हणाली, "तिथलं पाणी किती छान होतं हो. अंगातलं सगळं दुखणं जायचं. हे चुलीवरचं काही लागत नाही अंगाला."

मी तिच्याकडे रोखून पाहिलं. ती पोरीकडे बघत होती, चेहरा निवांत होता. तिच्या हाताची लव उभी राहिलेली मला दिसली.

६

त्या दिवशी दुपारी भोंगा वाजला आणि आमचं सेक्शन रिकामं केलं. आम्हाला खंदकात बसवलं, मग तालीम होती म्हणून सांगितलं, मग साहेबांना काय वाटलं कोण जाणे, आमच्या पाळीला घरी सोडलं. बाकीच्या बायका गप्पा मारत निघाल्या. मी सायकल मारत सुटले. का, ते मला सांगता येणार नाही. सकाळी निघताना आई म्हणाल्या होत्या की सरपण संपलं, आज कोळशाची गाडी यायची आहे, दुपारी रांगेत जाते.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आई नव्हत्या. पाळणा रिकामा होता.

न्हाणीचं कुलूप कडीला तसंच लटकत होतं, बंद, आणि कडी उघडी होती. आतून पाण्याचा आवाज येत होता.

"शकु!" मी ओरडले.

"काय हो?" आतून तिचा आवाज आला, अगदी सुखाचा. "डोळ्यात शिकेकाई गेली माझ्या. घाला ना लवकर पाणी. काहून थांबल्या?"

मी दारापासून एक पाऊल मागे सरले.

"शकु, मी बाहेर आहे. मी आत्ता आले."

आत पाणी पडायचं थांबलं. मग शकु, जरा हसत, जरा घाबरत म्हणाली, "असं काय करता वहिनी? तुम्हीच तर हाक मारली मला, पाणी तयार आहे म्हणून. सोनी आहे ना तुमच्या पायावर?"

आता एक गोष्ट मी माझ्याबद्दल सांगेन, आणि त्याचा मला गर्व आहे. मी दारावर झेप घेतली नाही. माझ्या बोटांना आमच्या सेक्शननं शिकवलेलं होतं. ओल्या माणसाला उघड्या हातानं ओढायचं नाही, लोखंडाला हात लावायचा नाही, पायाखाली कोरडं लाकूड पाहिजे. मी बाजेवरची गोधडी ओढली, दोन्ही हातांना गुंडाळली. प्लग बुजवल्यापासून बाहेर भिंतीशी उभी असलेली ती फळी उंबऱ्यात आडवी टाकली, तिच्यावर उभी राहिले आणि दार खांद्यानं ढकललं.

वाफ एवढी होती की आधी काही दिसलं नाही. मग शकु दिसली, माझ्याकडे पाठ, पाटावर, दोन्ही हात डोळ्यांवर. तिचे ओले केस खाली पडलेले नव्हते. ते वर, भिंतीकडे ओढल्यासारखे उभे होते.

आणि सोनी दिसली. आपण बाळाला पाय लांब करून पायांवर पालथं घेतो, तशी ती पालथी होती. मान एका बाजूला, हात दोन्हीकडे सुटलेले. ती रडत नव्हती. तिच्याखाली पाय नव्हते. जमिनीपासून वीतभर वर ती तशीच टेकलेली होती आणि तिच्या दोन्ही अंगांनी पाणी, जसं दोन मांड्यांवरून ओघळतं, तसं दोन धारांनी खाली येत होतं.

तिच्या पाठीवरून एक हात फिरत होता. मी हात म्हणते, पण मला बोटंच दिसली, फार वेळ पाण्यात राहिल्यानं पांढरी पडून सुरकुतलेली. अगदी हळुवार फिरत होती. तान्ह्या मुलाचं कसं करायचं ते त्या बोटांना ठाऊक होतं.

मी गोधडीसकट पोरीवर हात टाकला आणि ओढली. ती आली नाही. पलीकडून तिला धरलेलं होतं. गोधडी भिजायला लागली आणि दोन्ही दंडांतून झटका माझ्या दातांपर्यंत गेला. जीभ चावली गेली, तोंडात रक्त आलं.

"सोड!" मी ओरडले. "सोड, ती आमची आहे!"

मी पूर्ण वजन मागे टाकलं. पाण्यातून काही उपसलं की येतो तसा आवाज झाला आणि पोर माझ्या छातीवर आली, मी उताणी बाहेर पडले. पडले तशी पोर बाजेवर टाकली, गोधडीचं कोरडं टोक शकुच्या खांद्यांभोवती घातलं आणि तिलाही फरफटत फळीवरून बाहेर घेतलं. सोनी रडायला लागली. इतकं गोड रडणं मी त्याआधी ऐकलेलं नव्हतं.

७

आई आल्या तेव्हा आम्ही दोघी अंगणात उन्हात बसलो होतो. शकु थरथरत होती. सोनीच्या पाठीवर पाच लाल वळ होते, आणि ते दुखत नव्हते, कारण हात लावला तरी ती हसायची. आईंनी कोळशाची पिशवी तिथेच टाकली. पोरीला पोटाशी धरलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

मी उठून आत गेले. आई ओरडल्या, "विभा, नको जाऊ," पण मी गेले. न्हाणीच्या दारात फळीवर उभी राहिले. आत कुणी नव्हतं. बादली अर्धी रिकामी होती.

"ऐक," मी म्हणाले. "तू कोण आहेस ते मला नको सांगू. तुझं काय गेलं असेल ते गेलं असेल, मला वाईट वाटतं. पण या घरातल्या बाळंतिणीला पाणी मी घालीन. गार असलं तरी मी घालीन. तुझं पाणी आम्हाला नको. समजलं?"

नळ बंद होता. मी पाहत असताना बादलीतलं पाणी हळूहळू वर चढत गेलं, काठापर्यंत आलं आणि थांबलं. मग त्याच्यावर वाफ धरली.

मी ती बादली गोधडीनं उचलली आणि मैदानात नेऊन उपडी केली.

लढाई त्याच महिन्यात संपली. फॅक्टरीत पेढे वाटले, काळे कागद निघाले, आणि गाड्यांची गर्दी ओसरल्यावर शकुचा नवरा येऊन तिला आणि सोनीला घेऊन गेला. त्या गेल्याच्या दुसऱ्या सकाळी न्हाणीतली बादली कोरडी होती. नंतरही कोरडीच राहिली. नळाला झिणझिण्या नव्हत्या. भिंतीवरचे ठिपके वाळले. मी जिंकले असं मी आईंना सांगितलं, आणि आई म्हणाल्या, "पुरे कर बाप्पा, मोठ्यानं नको बोलू."

८

उन्हाळ्याच्या तोंडाशी यांना बढती मिळाली आणि दोन खोल्यांचं, व्हरांडा असलेलं क्वार्टर द्यायचं ठरलं. आमचं क्वार्टर लाइनीतल्याच पुष्पाला मिळणार होतं. पुष्पाचं लग्न होऊन दीडएक वर्ष झालं होतं. नवरा-बायको सासरच्या सहा माणसांत एका खोलीत राहत होते. तिला दिवस गेलेले होते. ती संध्याकाळी घर बघायला आली ती हरखूनच गेली. मराठी घरातलीच पोर, पण बोलायची ती हिंदीच.

"दीदी, कितना अच्छा है! खिडकी भी पूरब की है." ती एकेका भिंतीला हात लावत आत चालली होती. मी सामानाची पेटी बांधत होते. ती न्हाणीत कधी गेली मला कळलं नाही.

"अरे वा," आतून तिचा आवाज आला, "दीदी, आपने मेरे लिए पानी भी गरम करके रखा?"

मी धावले. ती बादलीवर वाकलेली होती, एक हात पोटावर, दुसऱ्या हाताची बोटं पाण्यात. चेहऱ्यावर शकुसारखं निवांत हसू. पाट मांडलेला होता. मी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं, ती दुखावून माझ्याकडे बघत राहिली.

मी तिला सगळं सांगितलं, एक अक्षर न लपवता. तिनं ऐकून घेतलं. मग तिचे डोळे भरून आले.

"घर नहीं देना है तो सीधे बोलिए ना दीदी," ती म्हणाली. "ऐसी बातें क्यों बना रहे हो? मेरी हालत देख के भी..."

"नहीं देना है," मी म्हणाले. "चलो, यही समझ लो."

रात्रीच्या जेवणाला मी यांना सांगितलं की आपण कुठे जायचं नाही. व्हरांडा नको, दुसरी खोली नको. हे ताटावरून उठायला निघाले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी चिडले नव्हते, त्या दिवशी चिडले. तेव्हा आई म्हणाल्या, "बस खाली. सून बरोबर बोलून राहिली. आम्ही दोघी कुठे जात नाही, तुला जायचं तर जा." हे खाली बसले.

आता लाइनीत माझं नाव वाईट आहे. पुष्पाची सासू मला बघून थुंकते. एक बाई पोटुशी असताना तिचं घर अडवलं, स्वतःला पोर नाही म्हणून जळते, असं नळावर बोलतात, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मी ऐकते. रडूही येतं कधी कधी, पण ते घरात येऊन.

पुष्पाचे दिवस भरत आलेत. ती आली त्या दिवसापासून आमची बादली पुन्हा तापते, रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त. आता कापडाचे दोन पदर लागतात धरायला. उंबऱ्यात फळी टाकून मी ती बाहेर काढते, आई पुढे होऊन दार धरतात, आणि आम्ही दोघी मिळून ती मैदानात ओततो. तिथलं गवत जळून गेलं आहे. परत येते तोवर आत नवं पाणी चढायला लागलेलं असतं. मी पदर खोचते आणि पुन्हा बादलीला हात घालते.